टोपोलॉजी येते, लॉजिक नाही. ॲम्स्टरडॅमला यावं का?

तू विचारलंयस की पुण्यात गणिताची एमएस्सी संपत आलीय, टोपोलॉजी आवडते, पण लॉजिकचा एकही पेपर झालेला नाही. तर ॲम्स्टरडॅमला थेट पीएचडीला अर्ज करावा की आधी तिथलं 'मास्टर ऑफ लॉजिक'?

अगं, पेपर झाला नाही हे एवढं मनाला लावून घेऊ नकोस. लॉजिकच्या या गणिती शाखेत टोपोलॉजी येणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. रिअल लाइन घे. विधान म्हणजे तिच्यावरचा ओपन सेट (ज्यात कडेचे बिंदू नसतात), नकार म्हणजे त्याच्या कॉम्प्लिमेंटचं इंटिरिअर, म्हणजे उरलेल्या भागातून कड वगळून राहतं ते. विधान 'धन संख्या' असेल तर नकार निघतो 'ऋण संख्या', आणि शून्य बिचारं दोन्हीकडे नाही. 'हे तरी खरं, नाहीतर ते तरी' हा नियम तिथेच कोसळला! डच गणिती ब्राउवर ॲम्स्टरडॅमच्याच विद्यापीठात प्राध्यापक होता आणि या नियमाशी त्याचं भांडण होतं.

हा नियम न धरणाऱ्या लॉजिकच्या बीजगणितांना हाइटिंग अल्जिब्रा म्हणतात. पुढे त्यांचं टोपोलॉजिकल रूप १९७४ साली एसाकिया या गणितज्ञाने जॉर्जियातल्या तिबिलिसीत मांडलं. म्हणून इथल्या सेमिनारमध्ये जॉर्जियाचा उल्लेख सारखा येतो. कळायला मला वर्ष लागलं.

अर्जाआधी एक गणित स्वतः सोडव. नैसर्गिक संख्यांचे फायनाइट आणि कोफायनाइट (ज्यांच्याबाहेर मोजक्याच संख्या उरतात असे) सबसेट मिळून बूलियन अल्जिब्रा, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं बीजगणित, होतं. त्याचे अल्ट्राफिल्टर, म्हणजे प्रत्येक सेटबाबत 'हा की याचा कॉम्प्लिमेंट' असा सुसंगत कौल देणाऱ्या निवडी, मोज. प्रत्येक संख्येचा एक, आणि वर एकच आगंतुक. तो आगंतुक म्हणजे अनंतातला बिंदू. बूलियन अल्जिब्रा अशा बिंदूंच्या सेटांतून उभं करता येतं, हे स्टोनचं १९३६ चं प्रमेय इतक्या जवळून पुस्तकात दिसत नाही. यात रमलीस तर ये. कंटाळलीस तर पुण्यातच दुसरा विषय शोधलेला बरा.

आता तुझा खरा प्रश्न. इथे पीएचडी म्हणजे साधारण चार वर्षांची पगारी नोकरी, वर ८ टक्के सुट्टी भत्ता. पण जागा निघेल तेव्हाच अर्ज करायचा, आणि ती बहुधा एखाद्या प्रकल्पाला बांधलेली असते. लॉजिकमधला प्रबंध नसेल तर तिथे टिकाव कठीण. मास्टर्स दोन वर्षांचं, १२० क्रेडिटचं, त्यात प्रबंध होतो आणि प्राध्यापक तुला ओळखू लागतात. मात्र युरोपबाहेरच्यांची फी इथल्यांच्या कित्येक पट. मी म्हणेन, शिष्यवृत्ती मिळाली तरच मास्टर्स. कर्ज काढून नको.

आणि घर! माझ्या पहिल्या घरमालकाने त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणीच करू दिली नाही. नोंदणी नाही म्हणून बीएसएन (इथला नागरिक क्रमांक) नाही, आणि बीएसएन नाही म्हणून बँक खातं अडलेलं. तीन आठवडे मित्राच्या सोफ्यावर काढले. तेव्हा खोलीची जाहिरात दिसली की भाडं नंतर विचार, आधी 'नोंदणी करता येईल का?' ते विचार, आणि उत्तर लेखी घे.