कावळा शिवला नाही, पाळी आली आहे

"मॅडम, पॅड लावणं, धुणं, ते सगळं मी करीन हो. पण ही चार-चार तास रडते. पॅड ओढून काढते, हाताला चावते. आणि आता गच्चीवरही येत नाही. हे असंच राहणार का?"

इंदूरच्या सुदामा नगरातून आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी १२ वर्षांची, स्वमग्न (ऑटिझम असलेली), बोलणारी, सहावीत शिकणारी. पाळी सुरू होऊन तीन महिने झालेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ऑटिझम असलेल्या मुलींच्या आया हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: "आमच्या मुलीला समजेल तरी का?" उत्तर असं की बहुतेक मुलींना समजतं. मात्र आपण जे सांगतो तेच समजतं, आणि आपण नीट सांगितलेलं नसतं.

पहिल्या पाळीच्या दिवशी ही मुलगी ४० मिनिटं न्हाणीघरात होती. बाहेर आली तेव्हा बँड-एडची अख्खी डबी संपली होती. पोटावर, मांड्यांवर, पाठीला हात पोचेल तिथे पट्ट्या. आईला वाटलं, घाबरून काहीतरी करून बसली. उलगडा झाला तो आमच्याकडे, तिसऱ्या भेटीत. चित्र काढता काढता ती म्हणाली, "कावळ्याने सुई कुठे घातली ते सापडलंच नाही."

घरात आजी. पाळीला आजीच्या तोंडी एकच शब्द, "कावळा शिवला." आईला, आत्याला आजी असं म्हणते ते मुलीने लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी ती आतून "रक्त, रक्त" ओरडली आणि दाराबाहेर आजी म्हणाली, "शिवला वाटतं हिला कावळा." शिवणे म्हणजे स्पर्श करणे, हा अर्थ आजच्या मुलीला कुठून ठाऊक असणार? तिला ठाऊक असलेलं शिवणं सुई-दोऱ्याचं. कावळ्याने सुई टोचली, रक्त आलं, म्हणजे जखम आहे, जखमेला बँड-एड लावतात. सगळा विचार सरळ, एकाही पायरीवर न चुकलेला. गच्चीवर कावळे बसतात, म्हणून गच्ची बंद. मागच्या खोलीची खिडकी ती सारखी का लावून घेते, तेही आईला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही आईला बसवून घरात पाळीबद्दल वापरले जाणारे सगळे शब्द लिहून काढायला सांगितले. "प्रॉब्लेम आलाय." शाळेत प्रॉब्लेम म्हणजे कुणाचं तरी चुकलेलं असतं, म्हणून ती दर वेळी "सॉरी" म्हणत होती. "आता तू मोठी झालीस." मोठ्या मुली बाबांच्या मांडीवर बसत नाहीत, मोठ्या मुलींची लग्नं होतात, आत्याचं झालं आणि ती देवासला गेली. मुलीने आपल्या बाहुल्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या, त्याचं कारण हे. "चार दिवसांचं तर असतं." पाचव्या दिवशी रक्त दिसलं आणि सर्वांत मोठा उद्रेक झाला तो त्याच दिवशी. "दर महिन्याला येते." पहिली ७ तारखेला आली, म्हणून तिने पुढच्या ७ तारखेवर गोल केला. पाळी आली १९ तारखेला. वेळापत्रकावर जगणाऱ्या मुलीला बारा दिवस रोज वाट बघायला लावणं काय असतं, याचा विचार करून बघा.

रक्ताची भीती असतेच, पण ती सहसा पहिल्या एक-दोन वेळची. पुढचं रडणं बहुतेक वेळा चुकीच्या माहितीचं असतं. म्हणून आमचं पहिलं काम शब्द बदलायचं. घरात एकच शब्द ठरवला, पाळी. शाळेत मैत्रिणी "डेट" म्हणतात, तोही तिला सांगून ठेवला, नाहीतर तारखेचा गोंधळ पुन्हा झाला असता. मग एका कागदावर ही वाक्यं लिहिली आणि रोज एकदा वाचली:

"माझ्या पोटात गर्भाशय आहे. त्याचं आतलं अस्तर बाहेर येतं, त्याच्यासोबत रक्त येतं. ही जखम नाही. कुणी काही केलेलं नाही. माझं काही चुकलेलं नाही. रक्त २ ते ७ दिवस येतं आणि आपोआप थांबतं. पुढची पाळी कधी येईल ते नक्की सांगता येत नाही. आली की काय करायचं ते मला माहीत आहे. मी १२ वर्षांची मुलगीच आहे. बाहुल्या माझ्याच आहेत."

शेवटची दोन वाक्यं प्रत्येक मुलीसाठी वेगळी असतात. तिने कशाचा धसका घेतलाय ते शोधून लिहावी लागतात. कॅलेंडरवरचा गोलही काढून टाकला. सुरुवातीच्या दोनेक वर्षांत २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने पाळी येऊ शकते. म्हणून पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून २१ वा ते ४५ वा दिवस फिक्या गुलाबी पेन्सिलने रंगवायचा. अर्थ एवढाच की "या दिवसांत दप्तरात पाऊच हवा." पाऊचमध्ये दोन पॅड, एक चड्डी, एक झिपची पिशवी, जुन्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे. तारीख पक्की नसली तरी पाऊच पक्का, आणि तिला तेवढं पुरतं. ४५ दिवस उलटले तर रंग पुढे वाढवायचा, हेही आधीच सांगून ठेवायचं.

तिची आणखी एक भीती होती, सगळं रक्त संपेल ही. पूर्ण पाळीत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. औषधाच्या ५ मिलिलिटरच्या चमच्याने आठ चमचे लाल रंगाचं पाणी मोजून वाटीत दाखवलं आणि शेजारी एकूण तीन लिटर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. तिच्या वजनाच्या मुलीच्या अंगात साधारण तेवढं रक्त असतं. आकडे बघून ती जी शांत झाली, ती आमच्या कुठल्याही समजावण्याने झाली नसती.

आता पॅड. "काढून फेकते" ही तक्रार आली की आम्ही आधी पॅडच हातात घेऊन बघतो. प्लॅस्टिकचा चुरचुर आवाज, सुगंधी पॅडचा वास, विंग्जच्या कडा मांडीला घासणं, आणि ओलेपणा. आपल्याला जे जाणवतसुद्धा नाही ते काही मुलींना दिवसभर टोचत असतं. हिला विंग्ज टोचत होत्या. बिनसुगंधी, वरून सुती पदर असलेलं, विंग्ज नसलेलं पॅड घेतलं आणि ते सरकू नये म्हणून नेहमीपेक्षा जरा घट्ट बसणारी चड्डी. काही मुलींना धुऊन वापरायची पीरियड पँटी, म्हणजे रक्त शोषून घेणारी चड्डी, सर्वांत सोपी जाते. चिकटवायचं काही नाही, आवाज नाही. ती थंड पाण्यात धुवावी, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो.

सराव पाळी नसताना करायचा. रडण्याच्या दिवशी नवीन काही शिकवू नये, त्या दिवशी कुणीच शिकत नाही. चड्डीच्या आतून पॅडच्या आकारात रंगीत धाग्याचे टाके घालून घ्यायचे, म्हणजे पॅड कुठे ठेवायचं ते डोळ्यांनी दिसतं. पहिल्या दिवशी कोरडं पॅड १५ मिनिटं, आवडीचं काही बघत. मग अर्धा तास, एक तास, दोन तास. दोन तास जमले की पॅडवर एक चमचा कोमट पाणी टाकून, पुढे दोन चमचे. ओलेपणाची ओळख अशी आधी होऊ द्यायची. घाई केली की बिघडतं: या आईने एकाच दिवशी चार तासांचा प्रयत्न केला आणि पुढचा आठवडा मुलगी चड्डीला हात लावू देईना. पुन्हा १५ मिनिटांपासून सुरुवात करावी लागली.

वापरलेलं पॅड गुंडाळायच्या पायरीवर तिने विचारलं, "हा ओला कचरा की सुका?" प्रश्न अगदी इंदूरचा. रोज सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीचे कप्पे तिला पाठ होते, आणि पॅड ओलं असतं म्हणून ती ते भाजीच्या देठांच्या डब्यात टाकत होती. त्यावरून घरात दोनदा आरडाओरडा झालेला. तिला सांगितलं, सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. न्हाणीघरात झाकणाचा छोटा डबा आला, त्यावर तिनेच नाव लिहिलं. तेव्हापासून डबा गाडीपर्यंत नेण्याचं काम तिचं.

पॅड कधी बदलायचं हे "ओलं वाटलं की" असं सांगून चालत नाही. भूक, लघवी, ओलेपणा, दुखणं हे आतले इशारे ऑटिझममध्ये अनेकदा उशिरा किंवा अस्पष्ट कळतात. त्यापेक्षा घड्याळ बरं: शाळेला निघताना, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, संध्याकाळी, झोपताना. साधारण चार ते सहा तासांनी, रक्त कमी असलं तरी. दुखण्याचंही तसंच. कुणी "पोट दुखतं" म्हणतं, कुणी काहीच न बोलता ओटीपोटावर बुक्क्या मारतं. पोटाचं चित्र देऊन "कुठे?" विचारा. दुखण्याची गोळी आणि तिचं प्रमाण डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. दुखणं वाढल्यावर दिलेल्या गोळीपेक्षा सुरुवातीलाच, काही खाऊन घेतलेली जास्त उपयोगी पडते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्या आणि १५ मिनिटांनी स्वतः काढा. चटका बसतोय हे तिला वेळेवर कळेलच असं नाही.

आईने तीन पाळ्यांची वही ठेवली: झोप, जेवण, रडणं, आवाजाचा त्रास. त्यातून दिसलं की पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस मिक्सरचा आवाजही तिला सहन होत नाही. मग त्या दिवसांत शिकवणी कमी केली, पाहुणे टाळले. उद्रेक झाला की प्रश्न विचारू नयेत, समजावू नये. दिवा मंद करावा, डोलत असेल तर डोलू द्यावं.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. सर्वांत जास्त रडणं जेवणाच्या वेळी होत होतं. आजीच्या नियमाप्रमाणे पाळीत स्वयंपाकघरात यायचं नाही, आणि मुलीची जेवायची जागा सहा वर्षांपासून ओट्याजवळच्या स्टुलावर. रक्तासाठी रडते असं सगळे धरून बसले होते, ती रडत होती स्टुलासाठी. आजींना भेटायला बोलावलं. वाद घातला नाही, वही दाखवली. आजी बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "देवाचं सोडून बोला, स्टुलाचं मला काही नाही." आम्हाला स्वतःला बाजूला बसवणं मुळीच मान्य नाही, पण त्या दिवशी स्टूल परत मिळणं जास्त गरजेचं होतं. पुढच्या पाळीत जेवणाच्या वेळी ती रडली नाही.

"कुणाला सांगू नकोस" हेही घरातून काढून टाकलं. त्याऐवजी कुणाला सांगायचं त्यांची यादी केली: आई, आजी, शाळेतल्या एक मॅडम. पॅड बदलायची जागा न्हाणीघर, दार लावून. चड्डीला हात लावायला कुणी चौथं आलं तर "नाही" म्हणायचं आणि आईला सांगायचं. गुपित ठेवायला शिकलेली मुलगी नको तेही गुपित ठेवते.

एका भेटीत वडिलांनी हळूच विचारलं, "ऑपरेशन करून पिशवीच काढून टाकली तर?" हा प्रश्न अजून येतो. १९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा देशभर संताप उसळला होता. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० स्पष्ट सांगतं की वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. शिवाय गर्भाशय काढलं तरी संप्रेरकं (हार्मोन्स) बनवणारे बीजकोश राहतात, म्हणजे पाळीआधीची चिडचिड राहतेच. फारच त्रास असेल तर रक्तस्राव कमी करणारी औषधं आहेत, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मुलीला फिट्सची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. काही गोळ्यांचा आणि संप्रेरकांच्या औषधांचा एकमेकांवर परिणाम होतो. ऑटिझममध्ये चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोन या औषधाने पाळी उशिरा येऊ किंवा बंद होऊ शकते, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, पाळी सात दिवसांहून जास्त चालली, ९० दिवस आलीच नाही, किंवा पाळीच्या दिवसांत फिट्स वाढल्या, तर थांबू नका.

ज्यांच्या मुली अजून आठ-नऊ वर्षांच्या आहेत त्यांनी स्तन वाढायला लागून छातीला गाठ लागली की सराव सुरू करावा. तिथून पाळीला साधारण दोन-अडीच वर्षं असतात. आधीच्या काही महिन्यांत चड्डीवर पांढरं जातं, तेही तिला दाखवून ठेवा. आई स्वतःचं पॅड बदलते तेव्हा एकदा तिला बघू द्या.

आमच्याकडच्या मुलीची परवा पाचवी पाळी झाली. सहाव्या दिवशी तिने वहीत लिहिलं, "थांबली. डबा गाडीत दिला." बाहुल्या पिशवीतून बाहेर आल्या आहेत. गच्चीवर ती अजून एकटी जात नाही, आजी सोबत असली तर जाते.