सूर्य बुडाल्यावर न्यूट्रिनो थांबतात का?

विजयदुर्गावर साहेबाच्या ओट्यांपाशी सूर्यास्त बघताना तुम्हाला पडलेला प्रश्न मला फार आवडला. सूर्य समुद्रात बुडाला की त्याचे न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, थांबतात का? आणि प्रयोगात एक तृतीयांशच सापडले, तर बाकीचे वाटेत नष्ट होतात का?

थांबत नाहीत. दिवसा डोक्यावरून येतात, रात्री पायाखालून, अख्खी पृथ्वी पार करून. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे 6500 कोटी. मध्यरात्री अंगणात चटई टाकून पडलात, तर ते जांभ्यातून, चटईतून, तुमच्या पाठीतून वर निघून जातात.

जागाही नेमकी निवडलीत. एक मात्र सांगतो, हेलियमचा शोध इथेच लागला असं म्हणतात, पण सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची रेषा 1868 सालचीच. ओट्यांचे ते साहेब, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर, विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. पण हेलियमचं नातं खरंच आहे. सूर्याच्या गाभ्यात चार प्रोटॉनांचा एक हेलियम होतो, तेव्हा दोन न्यूट्रिनो सुटतात. गाभ्यातली ऊर्जा प्रकाश होऊन पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं घेते. न्यूट्रिनो साडेआठ मिनिटांच्या आत किल्ल्यावर हजर.

आता हिशेबाचं. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत 615 टन ड्रायक्लीनिंगचा द्रव भरला. न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूला लागला की त्याचा आर्गॉन होतो. एवढ्या द्रवात दोन दिवसांतून जेमतेम एक अणू! अख्खी रापण ओढावी आणि एक मासळी हाती लागावी, तसं. तरी डेव्हिस ते अणू टिपत राहिले. सूर्यातून किती न्यूट्रिनो यावेत याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ बाहकॉल यांनी मांडलं होतं; आकडा त्याच्या एक तृतीयांश भरला, आणि दोघांपैकी कोणीतरी चुकलंय असं तीसेक वर्षं बोललं गेलं.

दोघंही बरोबर होते. न्यूट्रिनोंच्या तीन जाती असतात, आणि सूर्यात तयार होतात ते इलेक्ट्रॉन जातीचे. डेव्हिस यांच्या टाकीला मुख्यतः बोरॉनपासून निघणारे, जास्त ऊर्जेचे थोडे न्यूट्रिनो दिसत, तेही फक्त इलेक्ट्रॉन जातीचे. कॅनडात सडबरीच्या खाणीतल्या 1000 टन जड पाण्यात तिन्ही जाती मोजता आल्या. 2002 साली उत्तर मिळालं: या बोरॉनच्या न्यूट्रिनोंपैकी चौरस सेंटीमीटरमागे सेकंदाला इलेक्ट्रॉन जातीचे सुमारे 18 लाख, तिन्ही मिळून सुमारे 50 लाख. बाहकॉल यांच्या गणिताशी जुळणारे!

म्हणजे नष्ट कोणी होत नाही, जात बदलते. आणि या न्यूट्रिनोंची ती मुख्यतः वाटेत नाही, सूर्याच्या आतच बदलते, तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीमुळे. पृथ्वीच्या पोटातून येताना त्यांतले काही पुन्हा इलेक्ट्रॉन जातीचे होतात. जपानच्या सुपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगाला 2014 साली त्याचे संकेत मिळाले: रात्रीच्या नोंदी दिवसापेक्षा सुमारे 3 टक्के जास्त. तेव्हा सूर्य बुडाल्यावर हे न्यूट्रिनो किंचित जास्तच सापडतात.