वाचकांचे प्रश्न : एक्स, मॅस्टडॉन की ब्लूस्काय?

प्रश्न : मी एक्सवर गडकिल्ल्यांबद्दल छोट्या टिपा लिहिते. मर्यादा 280 अक्षरांची आहे म्हणतात, पण माझी अक्षरं त्याच्या बरीच आधी संपतात. असं का? (वाचक, सातारा)

तुम्ही अक्षरं मोजता, एक्स युनिकोडची (संगणकात लिपी साठवण्याच्या पद्धतीची) सुटी चिन्हं मोजतं. 'महाराष्ट्र' आपल्या लेखी चार अक्षरं. एक्सच्या हिशेबात दहा : म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. वेलांटी, उकार, अनुस्वार यांचाही प्रत्येकी एक आकडा कापला जातो. जोडाक्षरं दाट असली की जागा जवळजवळ निम्म्यावर येते. पैसे भरून घेतलेल्या खात्याला 25,000 पर्यंत लिहिता येतं, पण टाइमलाइनवर सुरुवातीचा तुकडाच दिसतो.

ब्लूस्काय आणि मॅस्टडॉन या एक्ससारख्याच छोट्या पोस्टच्या सेवा. ब्लूस्कायची मर्यादा 300, मॅस्टडॉनची बहुतेक सर्व्हरवर 500. दोन्हीकडे अक्षर मात्रेसकट एकच धरलं जातं. जोडाक्षर तोडायचं की अखंड ठेवायचं हे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर ठरतं, त्यामुळे तिथं 'महाराष्ट्र' चार ते सहांत बसतो. लिंक कितीही लांब असली तरी एक्स आणि मॅस्टडॉन ती 23 अक्षरांची धरतात. ती छोटी करणाऱ्या सेवांच्या नादी लागू नका.

तरीही निव्वळ जागेसाठी सेवा बदलू नये. तुमचे वाचक एक्सवर असतील तर एकमेकींना जोडलेल्या पोस्टची मालिका लिहा. सगळा मजकूर आधी नोट्समध्ये लिहून वाक्याच्या शेवटी तोडा. पहिल्याच पोस्टमध्ये किल्ल्याचं नाव आणि मुद्दा आला पाहिजे, कारण लोक बहुतेक तेवढीच पुढं पाठवतात.

प्रश्न : मॅस्टडॉनवर आधी सर्व्हर निवडायला सांगतात. तिथंच अडलो. (वाचक, मडगाव)

मॅस्टडॉन ही एकच साइट नाही, वेगवेगळ्या चालकांचे एकमेकांना जोडलेले सर्व्हर आहेत. सर्व्हर कुठलाही घेतला तरी दुसऱ्या सर्व्हरवरची माणसं फॉलो करता येतात, त्यामुळे फार घोळ घालू नका. फक्त सर्व्हरचं माहितीपान उघडून तीन गोष्टी पाहा : नियम लिहिलेले आहेत का, चालकाचा संपर्क आहे का, आणि कोणते सर्व्हर अडवलेले आहेत. थ्रेड्स या इन्स्टाग्रामवाल्यांच्या सेवेवरची माणसं फॉलो करायची असतील तर ही शेवटची यादी नीट वाचा. काही सर्व्हरनी थ्रेड्स पूर्ण बंद ठेवलंय. मॅस्टडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर बंद करण्याआधी किमान तीन महिने सूचना देण्याचं वचन देतात. यादीबाहेरच्या सर्व्हरकडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही.

पुढं सर्व्हर बदलायचा झाला तर क्रम चुकवू नका. आधी नव्या खात्याच्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पूर्ण पत्ता जोडा, मग जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करा. फॉलोअर आपोआप येतात, पोस्ट येत नाहीत. तुम्ही फॉलो केलेल्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून नव्या खात्यात चढवावी लागते. जुना सर्व्हर बंद पडल्यावर यातलं काहीच होत नाही, कारण स्थलांतराचा निरोप त्यानंच पाठवायचा असतो.

मराठीत लिहिताना पोस्टची भाषा 'मराठी' ठेवा. ती इंग्रजी राहिली की भाषेनुसार गाळणी लावलेल्या मराठी वाचकाला तुमची पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर दिसतच नाही. नवे लोक 'मला कोणी वाचत नाही' म्हणतात, त्यामागं अनेकदा एवढंच असतं. हॅशटॅगही टाका, कारण शोधात पोस्टचा मजकूर यायला लेखकानं सेटिंगमध्ये परवानगी दिलेली असावी लागते, हॅशटॅगला तशी अट नाही. आणि खासगी निरोप सर्व्हरचालकाला वाचता येतात, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : कूवरचं माझं सगळं लेखन गेलं. आता थ्रेड्स घ्यावं की ब्लूस्काय? (वाचक, लातूर)

एक्ससारखीच सेवा देणारं बंगळूरुचं कू विक्रीची बोलणी फिसकटल्यावर जुलै 2024 मध्ये बंद झालं. असं कुठंही होऊ शकतं. तुमची ओळखीची मंडळी इन्स्टाग्रामवर असतील तर थ्रेड्स सोपं. तिथली माणसं लगेच सापडतात. फीड (समोर येणारा पोस्टचा ओघ) स्वतः निवडायचं असेल तर ब्लूस्काय. स्वतःचं डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) असेल तर तेच तिथं हँडल, म्हणजे खात्याचं नाव, म्हणून लावता येतं : सेटिंगमध्ये मिळणारी 'डीआयडी' (खात्याची ओळखखूण) डोमेनच्या टीएक्सटी नोंदीत (डोमेनच्या सेटिंगमधल्या मजकुराच्या नोंदीत) घालायची. मंडळ किंवा दिवाळी अंक चालवणाऱ्यांनी हे जरूर करावं, तोतया खातं लगेच ओळखू येतं. मात्र ब्लूस्कायवर तुम्ही कोणाला ब्लॉक केलं हे उघड असतं, आणि टाकलेली पोस्ट दुरुस्त करता येत नाही.

सेवा कुठलीही असो, दर तीन महिन्यांनी आपल्या डेटाची प्रत मागवा. एक्सवर ती तयार व्हायला एक दिवस किंवा जास्त लागतो, म्हणून बंद पडायची बातमी येईपर्यंत थांबू नका.

प्रश्न : मला लिहायचं नाही. फक्त पाऊस आणि लोकलची खबर हवी. (वाचक, डोंबिवली)

मग एक्सच. मुंबई पोलीस, मध्य रेल्वे, हवामान खातं, सगळे तिथं आहेत. पण लॉगिन केल्याशिवाय बघू नका. लॉगिनशिवाय पाहिलं तर आजच्या सूचनेऐवजी जुन्या गाजलेल्या पोस्ट वर दिसतात. एक खासगी यादी करून ही खाती तिच्यात टाका आणि ती यादी मुखपृष्ठावर पिन करा. यादीत पोस्ट वेळेच्या क्रमानं येतात. रेल्वेकडे तक्रार केलीत तर पीएनआर आणि मोबाइल क्रमांक उघड उत्तरात टाकू नका, थेट संदेशातच द्या. असे क्रमांक हेरून 'रेल्वेतून बोलतोय' म्हणणारे भामटे टपलेलेच असतात.