मूर्ती देताय, मग फायली रद्दीत का?

तुमचा प्रश्न: सासरे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात इतिहास शिकवायचे. त्यांनी जमवलेल्या ख्रिस्ती संतांच्या मूर्ती आणि चित्रं संग्रहालयाला द्यायची आहेत, तर टिपणांचे खोके टाकून द्यावेत का?

कृपा करून टाकू नका. मी संग्रहालयात नोंदणीचं काम करतो. वस्तू येते आणि तिचा कागद येत नाही, तेव्हा पोटात खड्डा पडतो.

तुमच्याकडची सपाट चित्रं म्हणजे रेताब्लो. पाइनची फळी वाकसानं तासायची, जिप्सम सरसात कालवून लेप द्यायचा आणि त्यावर संत रंगवायचा. कॉटनवूड झाडाच्या मुळातून कोरलेली मूर्ती म्हणजे बुल्तो. घडवणारा तो सांतेरो. जुने सांतेरो सहसा सही करत नसत. एकाच्या चित्रांत लाल, टोकदार फराटे असत, अगदी मिरच्यांसारखे, म्हणून अभ्यासक त्याला ‘मिरच्यांचा चित्रकार’च म्हणत. त्याचं मोलेनो हे नाव सापडलं ते एका फळीच्या पाठीवरच्या मजकुरात! कुणी ती पाठ घासूनपुसून लख्ख केली असती, तर तो बिननावाचाच राहिला असता.

ई. बॉइड या बाईंनी या कलेच्या अभ्यासात आयुष्य घातलं. 1951पासून त्या न्यू मेक्सिकोच्या संग्रहालयात होत्या. कुठलं काम कुठल्या हातचं, हे त्यांनी शैली, लाकूड आणि जुने दस्तऐवज ताडून ठरवलं. 1974 साली त्या गेल्या. त्यांचे कागद सांता फेच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि अभ्यासक आजही ते उघडतात.

सासऱ्यांच्या एखाद्या कार्डावर ‘सान इसिद्रो, अमक्या गावच्या घरातून, पेरणीच्या वेळी शेतात नेत’ एवढंच असेल. पण बैलांच्या नांगरामागे देवदूत असलेला तो शेतकऱ्यांचा संत कुणाच्या घरचा, कुणाच्या शेतातला, हे मूर्तीकडे बघून कळत नाही. माझ्या आजीच्या देवघरातल्या दोन टाकांवर कोण आहे, हे आज घरात कुणालाच माहीत नाही. विचारायला हवं होतं, ते राहिलं.

आता एवढं करा. फायलींचा क्रम हलवू नका, तो त्यांनीच लावलेला आहे. कुठलं कार्ड कुठल्या वस्तूचं, ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. चित्रांना ओलं फडकं लावू नका, ते रंग पाण्यात कालवलेले असतात आणि पुसले जातात. पाठीवरची चिकटवलेली चिठ्ठी अर्धी सुटली असली तरी ओढू नका. आणि संग्रहालयाला पहिल्याच पत्रात कळवा की खोकेही सोबत येताहेत.