वाइनचा रंग आधी उजेडाला विचारा

पिवळ्या बल्बखाली रेड वाइन विटकरी दिसली म्हणून लगेच ‘जुनी झाली’ म्हणू नका. अशा २७०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा) उजेडात निळा अंश कमी असतो, त्यामुळे ताज्या वाइनची जांभळी छटा दबते आणि व्हाइट वाइन उगाच सोनेरी वाटते. रंग बघायचा तर दिवसा खिडकीशी बसा. थेट ऊन मात्र नको. रात्री ५००० केल्व्हिनचा एलईडी लावा. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा जास्त हवा, आणि आर९ दिला असेल तर तोही बघा: तो आकडा गडद लाल रंगाचा. स्वस्त दिव्यांची गोची तिथेच होते, लाल मळकट दिसतो.

ग्लासात जेमतेम ५० मिली ओता, कोऱ्या पांढऱ्या कागदावर ४५ अंश तिरका धरा. मधला भाग गडद असतो, खरी छटा कडेच्या पातळ थरात कळते. टेबलक्लॉथ रंगीत असेल तर तो रंग पेयात उतरतो. बिअर, चहालाही हेच लागू. बारमधल्या जांभळ्या अल्ट्राव्हायोलेट दिव्यांखाली तर नादच सोडा. तिथे टॉनिक वॉटरसुद्धा त्यातल्या कडू क्विनाइनमुळे निळं चमकतं!