जुना डेस्कटॉप चालेल का? घरच्या रेकॉर्डिंगचा हिशेब

प्रश्न : मी सांगलीत राहते, वय ४१. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलंय, सूत्रसंचालनही करते. गेल्या वर्षी आवाजाच्या कामाचे ४६,००० रुपये मिळाले. आता एक कंपनी नऊ तासांचं ऑडिओबुक देते आहे. तयार तासाला (म्हणजे एडिट होऊन पूर्ण झालेल्या एका तासाच्या ऑडिओला) २,००० रुपये, तेही पुस्तक मंजूर झाल्यावर, पण रेकॉर्डिंग घरून करायचं. घरी २०१४ चा डेस्कटॉप आहे (आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम). दुकानदाराने नवा लॅपटॉप, माइक, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि भिंतीचा फोम मिळून १,२५,००० सांगितले, क्रेडिट कार्डावर बारा हप्ते. लॅपटॉप मुलालाही कॉलेजला होईल. मिस्टरांच्या दुकानाचं उत्पन्न कमी-जास्त होतं, घरखर्च महिना ४०,०००. एफडी २,४०,००० ची आहे, दोन महिन्यांत भिशीचे ४०,००० येतील. एफडी मोडू, हप्ते घेऊ, की जुन्यावरच भागवू?

उत्तर : ताई, जुन्यावरच भागवा. भिशीतले तीसेक हजार लावा, एफडीला हात लावू नका आणि हप्ता तर नकोच.

तुमची एफडी म्हणजे बरोबर सहा महिन्यांचा घरखर्च. दुकानावर चालणाऱ्या घरात तो पैसा पडून नसतो, पहाऱ्यावर असतो. हप्त्याचं म्हणाल तर १५ टक्के व्याज धरून महिना सुमारे ११,२८० रुपये होतात. वर्षाचं व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून सव्वाबारा हजार वर जातात. ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी हप्ता म्हणत असतील तर रोखीचा भाव विचारा. बऱ्याचदा व्याज तुम्हाला न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं. आणि आवाजातून आज तुम्हाला महिन्याला चार हजारही सुटत नाहीत. कंपनी पैसे देणार पुस्तक मंजूर झाल्यावर, हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू.

दुसऱ्या बाजूने बघा. १,३७,००० फिटायला दोन हजारांच्या दराने ६८-६९ तयार तास लागतील, म्हणजे अशी साडेसात पुस्तकं. हातात एक आहे. तीस हजारांना १५ तास पुरतात.

आता मशीन. एका माणसाचा आवाज टिपणं हे कॉम्प्युटरसाठी किरकोळ काम आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशा रेकॉर्डिंगला तासाला जेमतेम ५२० एमबी जागा लागते. नऊ तासांचं पुस्तक, चुकलेल्या वाक्यांसकट, १५ जीबीत बसतं. दोन चॅनेलच्या इंटरफेसला जुनं यूएसबी २.० पोर्टही पुरतं (केबल मात्र कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, पुढची पोर्ट कधी कधी दगा देतात). बोलताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येण्याचा त्रास इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरने (माइकचा आवाज थेट हेडफोनात देणारी सोय) सुटतो, त्यासाठी प्रोसेसर वेगवान असावा लागत नाही. तबला-तानपुऱ्याचे सॉफ्टवेअर सूर, वीस-पंचवीस ट्रॅक, व्हिडिओ एडिटिंग असं काही करायचं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

तुमच्या डेस्कटॉपला खरी गरज एसएसडीची (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कची) आहे. जुनी हार्ड डिस्क स्लो तर असतेच, शिवाय करकरते, आणि ती करकर माइक इमानदारीत टिपतो. पंख्याचंही तसंच. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स सेवेची अट अशी की शांततेत मागची घरघर उणे ६० डेसिबलच्या खाली हवी. तुमच्या कंपनीची अट काय, ती लेखी मागून घ्या.

म्हणून आधी फक्त सहा-सात हजार खर्च करा : एसएसडी, बसवणावळ, पंख्याची साफसफाई, यूपीएसची नवी बॅटरी. मग ओळखीच्या साउंडवाल्याकडून एका दिवसासाठी माइक आणि इंटरफेस आणा. रात्री गाद्या-गोधड्या लावलेल्या खोलीत, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून, मशीन चालू असताना अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा. नंतर पाच मिनिटं वाचा. दोन्ही फाइल कंपनीला पाठवा. त्यांनी होकार दिला की भिशीचे पैसे खर्चा : इंटरफेस १०,०००, साधा डायनॅमिक माइक (आजूबाजूचा आवाज कमी टिपणारा) ७,०००, स्टँड, केबल, पॉप फिल्टर (फुंकरीचा आवाज अडवणारी जाळी) आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन ५,०००. ही माझी वरची मर्यादा आहे, भाव दोन ठिकाणी विचारा. दुकानदाराच्या यादीतला पंधरा हजारांचा फोम वगळा. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, रस्त्यावरची रिक्षा थांबत नाही. सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी फुकट आहे. पुढे रीपर हे विकतचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर घ्यावंसं वाटलं तर छोट्या व्यावसायिकांसाठी त्याचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं, पण ते दुसऱ्या पुस्तकाच्या पैशातून.

जुन्या मशीनचा धोकाही सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ मोजके अपवाद सोडता इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. तुमचं मशीन त्यात बसत नाही. तेव्हा ते निव्वळ रेकॉर्डिंगला ठेवा, नेटबँकिंग आणि भिशीचे व्यवहार त्यावर अजिबात नकोत. काम झालं की फाइल त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या एका जागी. उद्या मदरबोर्ड गेलाच तर दुरुस्तीत पैसे घालू नका. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा वॉरंटीवाला रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) लॅपटॉप बघा. माइक आणि इंटरफेस त्यालाही चालतील. दुकानदाराच्या यादीत सर्वांत महाग वस्तू, म्हणजे लॅपटॉप, तीच होती जी सर्वांत लवकर जुनी होते.

‘मुलालाही कॉलेजला होईल’ असंही तुम्ही लिहिलंय. होईल की! पण मुलगा हॉस्टेलला गेला तर तुमचा स्टुडिओही त्याच्याबरोबर जाईल. त्याचा लॅपटॉप हा वेगळा खर्च, त्याची तरतूद वेगळी.

मला खरी काळजी दराची वाटते. २,००० मध्ये एडिटिंग कुणाचं? तुमचं असेल तर एका तयार तासामागे पाच-सहा तास सहज जातात, म्हणजे तासाला सव्वातीनशे ते चारशे पडतात. एडिटिंग त्यांनी करावं किंवा दर वाढवावा, असं पहिल्या करारातच बोला. दुरुस्तीचे फेरे किती हेही त्यातच लिहून घ्या. टीडीएस कापला तर तो रिटर्नमध्ये दिसला पाहिजे. एसएसडीपासून स्टँडपर्यंत सगळी बिलं तुमच्याच नावाने घ्या, मिस्टरांच्या दुकानाच्या नावाने नको, म्हणजे तुमच्या उत्पन्नासमोर ती दाखवता येतील का हे सीए बघू शकेल.