मुलीला कुत्रा चावला, लसीचा पहिला डोस झालाय. आता १० दिवस नुसती वाट बघायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगाव तालुक्यातली वस्ती, मुलगी ६ वर्षांची, वजन १८ किलो. काल संध्याकाळी गल्लीतल्या कुत्र्याने गालाला आणि उजव्या हाताच्या बोटाला चावा घेतला, रक्त आलं. गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं आणि रेबीजचं एकेक इंजेक्शन दिलं आणि कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. शेजारी म्हणतात पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागणार. आता पुढे काय?

आधी काय करायचं ते सांगतो, कारणं नंतर. आजच मुलीला घेऊन सांगलीच्या सिव्हिलला, म्हणजे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, नाहीतर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. केसपेपर काढतानाच सांगा, "तिसऱ्या श्रेणीचा चावा आहे, लस झालीय, सीरम राहिलंय." सीरम म्हणजे थेट जखमेत सोडायचं वेगळं औषध; ते आणि श्रेणी काय, हे पुढे येतंच. नुसतं "कुत्रा चावलाय" म्हटलं की पुष्कळदा लसीच्या रांगेत उभं करतात आणि सीरम राहून जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस बहुधा मिळते, सीरम मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. साताऱ्याकडच्या वाचकांनी हेच क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात विचारावं.

लस आणि सीरम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. लस शरीराला रेबीजविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला निकामी करणारे घटक) तयार करायला शिकवते, पण ती पुरेशी तयार व्हायला ७ ते १४ दिवस जातात. विषाणू मात्र तेवढे दिवस थांबेलच असं नाही. तो जखमेतल्या स्नायूत असतो, तिथून नसेत, म्हणजे मज्जातंतूत (रक्तवाहिनीत नव्हे), शिरतो आणि नसेनसेने मेंदूकडे सरकतो. एकदा नसेत गेला की प्रतिपिंडांचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं; ती थेट जखमेत सोडली की विषाणू नसेत शिरण्याआधीच तिथल्या तिथे निकामी होतो. गाल मेंदूच्या जवळ, बोटांच्या टोकांना नसांचं दाट जाळं. म्हणजे तुमच्या मुलीला नेमक्या त्या दोन जागी चावा आहे जिथे ही मधली फट सर्वांत धोक्याची असते.

श्रेणींचा हिशेब असा. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं तर पहिली श्रेणी, फक्त धुवायचं. रक्त न येता ओरखडा किंवा दात घासला तर दुसरी, धुणं आणि लस. कातडी फाटून रक्त आलं, जखमेवर किंवा ओठा-डोळ्यांत लाळ गेली, किंवा जनावर जंगली असलं तर तिसरी: धुणं, लस आणि सीरम तिन्ही. ओरखडा वरवरचा आहे की कातडी फाटलीय हे कळत नसेल तर स्पिरिटचा बोळा लावून बघतात. झोंबलं तर फाटलीय.

सीरम किती आणि कुठे, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. घोड्यापासून केलेलं सीरम किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून केलेलं किलोमागे २० युनिट. १८ किलोला पहिल्याचे ७२० युनिट होतात, दुसऱ्याचे ३६०. घोड्याच्या सीरममध्ये साधारणपणे १ मिलीत ३०० युनिट असतात, माणसाच्या सीरममध्ये १५०. म्हणून दोन्हीकडे हिशेब २.४ मिलीचाच येतो. हे सगळं जखमेत आणि जखमेच्या कडेने सोडायचं असतं. बारीक सुई जखमेच्या काठातून आत घालून, थोडं औषध सोडून, सुई जरा मागे घेऊन दिशा बदलत, दाताची प्रत्येक खूण त्यात भिजेल असं. गालात जागा असते. बोटात थोडंच मावतं. जबरदस्तीने भरलं तर दाब वाढून बोटाचा रक्तपुरवठा अडतो, म्हणून तिथे हळू आणि बेताने. जखमा जास्त आणि औषध कमी असेल तर सलाइन घालून ते वाढवतात, वजनाच्या हिशेबापेक्षा जास्त युनिट देत नाहीत. हल्ली प्रयोगशाळेत तयार केलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही मिळतात, तीही वजनावर मोजून जखमेतच देतात.

मुलगी रडेल. दुखतंच ते, विशेषतः बोटात. तिला मांडीवर घट्ट धरा आणि "जाऊ दे, दंडातच द्या" असं डॉक्टरांना म्हणू नका. दंडात किंवा कमरेत टोचलेलं सीरम जखमेतल्या विषाणूपर्यंत पुरेसं पोचत नाही. कागदावर सीरम दिल्याची नोंद होते आणि काम होत नाही. घोड्याच्या सीरमने क्वचित ॲलर्जी येते, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर थोडा वेळ तिथेच बसायचं. आठवड्याभराने अंगावर पित्त उठलं, सांधे दुखले, ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण त्या भीतीने लसीचे डोस थांबवू नका.

सीरम पहिल्या लसीनंतर ७ दिवसांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर शरीर स्वतः प्रतिपिंडं बनवायला लागतं आणि बाहेरची दिली तर त्यात अडथळाच येतो. तुमच्याकडे आज धरून ६ दिवस आहेत, पण ही मुदत आहे, सवलत नव्हे. एका ठिकाणी नसेल तर दुसरीकडे जा. ते मिळेपर्यंत लस मात्र अडवून ठेवायची नाही.

आता लसीच्या तारखा. पोटातली १४ इंजेक्शनं ही मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लसीची होती. ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, शेजाऱ्यांच्या आठवणीतून मात्र गेलेली नाही. आताची लस दोन पद्धतींनी देतात. स्नायूत द्यायची असेल तर एकेक पूर्ण बाटली ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत द्यायची असेल तर दोन्ही दंडांवर ०.१ मिलीची एकेक टोचणी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दोन्ही सारख्याच चालतात. कातडीच्या पद्धतीत एका बाटलीत बऱ्याच जणांचं भागतं, पण औषध मिसळलेली बाटली ६ ते ८ तासांत संपवावी लागते. म्हणून गर्दीच्या सरकारी दवाखान्यात ती परवडते आणि खासगी डॉक्टर बहुधा स्नायूत देतात. गावात दंडात एकच इंजेक्शन दिलं ते यामुळेच, त्यात चूक काही नाही. शक्यतो तीच पद्धत शेवटपर्यंत ठेवा. कंपनी बदलली तरी चालते.

शून्यावा दिवस म्हणजे पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस. चावला तो नव्हे. पहिलं १० जूनला झालं असेल तर पुढचं १३ जूनला, मग १७, मग २४, आणि शेवटचं ८ जुलैला. "तिसरा दिवस" बोटांवर दहा, अकरा, बारा असा मोजून लोक १२ तारखेला येऊन उभे राहतात, ही रोजची गंमत आहे. एखादी तारीख यात्रेत नाहीतर सुगीत चुकली तर लवकरात लवकर घ्या. पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. टोचायचं दंडात, २ वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत लस वाया जाते. कातडीतलं इंजेक्शन नीट बसलं की संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत फुगी उठते. फुगी उठली नाही तर सुई खोल गेली असं समजून तिथल्या तिथे पुन्हा द्यायला सांगा. मेडिकलमधून लस विकत आणणार असाल तर ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. बर्फाच्या थर्मासमध्ये आणा, पण बर्फाला चिकटवून गोठवू नका. मोटरसायकलच्या डिकीत घालून तर मुळीच नाही.

कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, हे तुमचे डॉक्टर बरोबरच सांगतायत. फक्त ते उपचाराच्या जोडीला, उपचाराऐवजी नाही. पिसाळण्याची लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासून कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो, आणि असं कुत्रं १० दिवसांच्या आत मरतं. त्यामुळे चावल्यापासून १० दिवस तो धडधाकट राहिला तर चावताना लाळेत विषाणू नव्हता. अशा वेळी डॉक्टर पुढचे डोस कमी करू शकतात. माझं म्हणाल तर २८ व्या दिवसाचा घेऊन टाका. पोर वस्तीवर राहतं, कुत्री तिथेच आहेत. मात्र हा नियम कुत्र्या-मांजरापुरताच. उसाच्या फडातून निघालेला कोल्हा, लांडगा, मुंगूस, महाबळेश्वरच्या पॉइंटवरचं माकड, यांच्यावर कुणी १० दिवस लक्ष ठेवू शकत नाही. तिथे पूर्ण उपचार. घरातला उंदीर चावला तर सहसा रेबीजची लस लागत नाही.

कुत्रं पिसाळलं म्हणजे सैरावैरा धावून चावणारच असं नाही. कधी ते कोपऱ्यात गप्प पडून राहतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, मागचे पाय लटपटतात. "घशात हाडूक अडकलंय" म्हणून तोंडात हात घालणारे पुष्कळ. गोठ्यातही हेच होतं: म्हैस वैरण खात नाही, लाळ गाळते, विचित्र हंबरते, म्हणून मालक कोपरापर्यंत हात आत घालतो. काही आठवड्यांपूर्वी त्याच गोठ्यात एखादं कुत्रं शिरून गेलेलं असतं, ते कुणाच्या लक्षात नसतं. आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. हातावर चिरा असतील आणि लाळ लागली असेल तर ती तिसरीच श्रेणी. त्या म्हशीचं उकळलेलं दूध प्यायलेल्यांना लस लागत नाही. निरसं दूध मात्र कुणी पिऊ नये, आणि धार काढणं तर बंदच करा.

जखम. काल धुतली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. धुतली नसेल तर निघायच्या आधी आत्ता धुवा: अंगाचा नाहीतर कपड्याचा कुठलाही साबण, वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं. साबणाने विषाणूवरचं चरबीचं आवरण फुटतं. बोरिंगचं पाणी चालेल, तांब्याने सतत ओतलं तरी चालेल. नंतर बीटाडीन. हळद, चुना, तिखट, तंबाखू, रुईचा चीक यांतलं काही लावलं असेल तर ते धुऊन काढा. जखम चिघळते हा एक तोटा, आणि वरून थापलेल्याखाली विषाणू सुरक्षित राहतो हा दुसरा. घट्ट पट्टी बांधू नका.

गालावर व्रण राहील म्हणून लगेच टाके घालायची घाई होते, ती करू देऊ नका. सुईबरोबर विषाणू आत ढकलला जातो. टाके लागणारच असतील तर आधी सीरम, मग काही तास थांबून, मोजके आणि सैल. हाताच्या आणि चेहऱ्याच्या चाव्यात जंतूंसाठी प्रतिजैविकही बहुधा देतात, मुलांना वजनावर. ते डॉक्टरांना विचारून घ्या. घरातल्या जुन्या गोळ्या देऊ नका.

एचआयव्ही असेल, कॅन्सरची औषधं किंवा जास्त दिवस स्टेरॉइड चालू असतील तर अशा माणसाला साध्या ओरखड्यालाही सीरम द्यावं लागतं आणि नंतर रक्तात प्रतिपिंडं पुरेशी झाली का हे तपासावं लागतं. १ मिलीत ०.५ युनिटच्या वर असावी लागतात. अशांनी संसर्गरोग तज्ज्ञाला दाखवावं, गावातल्या एका इंजेक्शनवर राहू नये. गरोदर बाईलाही लस आणि सीरम दोन्ही चालतं. पथ्य कसलंच नाही: अंडी, मटण, अंघोळ, शाळा सगळं चालू ठेवा. ताप आला तर पॅरासिटामॉल.

कुत्रा मधेच मेला किंवा दिसेनासा झाला तर सगळे डोस पूर्ण करा. मेलेल्याला उघड्या हाताने उचलू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, मेंदूचा नमुना तपासणीला पाठवता येतो.

आणि शेवटच्या डोसनंतर केसपेपर फेकू नका. त्यावर सगळ्या तारखा, सीरम कुठलं आणि किती युनिट हे लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. पुढे कधी परत कुत्रा चावला तर हा कागद दाखवल्यावर सीरम लागत नाही, ० आणि ३ अशा दोनच दिवसांच्या लसीवर भागतं. कागद नसेल तर डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून करावं लागतं, बोटातल्या सीरमसकट.